पहिलवानाच्या जोडीला मी

आमच्या पहिलवानाला माझ्या पायजम्याच्या नाडीची भीती वाटत असे.

गैरसमज नको म्हणून सांगतो, पहिलवान हा कुत्रा होता आणि पायजमा चारचौघांच्या पायजम्यासारखाच होता. गोष्ट साठ ते सत्तरच्या मधली. तारापूरला समुद्राकाठी अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. मी एका कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन होतो. ह्या कंत्राटदारानं बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, उघड्या माळावर, आम्हा नोकरमंडळींसाठी वसाहत उठवली होती. छप्पर पत्र्याचं, भिंती पत्र्याच्या, दारही पत्र्याचं! वारा पश्चिमेचा असला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा आणि पूर्वेचा असला की खडी फोडणाऱ्या यंत्राची धूळ. वारा पडला की दोन्ही एकदम.

लग्नाला सहा महिने झाले होते. कुसुमचं माहेर अकरा माणसांचं. सकाळी चहाला बसायलासुद्धा पाळी लावावी लागे. इथे मी सातला घराबाहेर पडलो की पाचपर्यंत ती आणि पत्रा. आणि पाचनंतर तरी मी घरी असावं की नाही? नाव नको! साडेपाचला क्लबच्या खोलीत पत्त्यांचा डाव लागायचा आणि मी तिथला अगदी नियमित, म्हणजे हमखास हरणारा भिडू. कुसुम तक्रार करत नसे. पण लग्नानंतर पहिले काही दिवस ती काम करताना सारखी गुणगुणायची, ते हळूहळू बंद झालं. एकदा मी तिला विचारलं, "इथं करमतं ना गं तुला?"

"करमतं की," ती म्हणाली. "परवा पाल आली होती."

मला फार वाईट वाटलं. (तरी त्या दिवशीही मी पत्ते खेळायला गेलोच.)

मग एके दिवशी पायासाठी खणलेल्या खड्ड्यात कुत्रा सापडला. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. गळ्यात काथ्याच्या दोरीचा तुटका तुकडा इतका रुतलेला की खाली जखम झाली होती. कुणीतरी बांधून घालून मारलं असणार आणि हा दोरी कुरतडून पळाला असणार. दोन मजुरांनी त्याला वर काढलं. त्यातला एक म्हणाला, "साहब, आप ले जाओ. बहुत डरपोक है, यहाँ मर जाएगा."

मी त्याला नकाशांच्या खोक्यात घालून घरी आणला.

"हे काय आणलंत?" कुसुमनं विचारलं.

"कुत्रा आहे."

"ते दिसतंय. पण असा कापतोय का?"

उत्तराची वाट न बघता ती जमिनीवर बसली, कात्रीनं गळ्यातली दोरी कापली आणि जखमेवर हळद आणि खोबरेल लावलं. तिसऱ्या दिवशी त्यानं तिचा हात चाटला. चौथ्या दिवशी मी पाच वाजता घरी पोचलो, तर आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. मी दाराबाहेर थोडा वेळ तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, इतकं बरं मला पगारवाढीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"ह्याचं नाव पहिलवान," तिनं जाहीर केलं.

"हा पहिलवान?" तो त्या वेळी एका कोंबडीला घाबरून खाटेखाली गेला होता.

"हाक मारता मारता होईल," ती म्हणाली.

पण हाक मारून भीती जाते थोडीच! लांब, बारीक आणि लोंबणारं काहीही दिसलं की पहिलवान पोट जमिनीला टेकवून थरथर कापायचा. कपडे वाळत घालायची दोरी काढावी लागली. मग कपडे कुंपणाच्या निवडुंगावर! (माझ्या सदऱ्यांना त्या वर्षी वायुवीजन उत्तम होतं.) कुसुमनं वेणी सोडून अंबाडा घालायला सुरुवात केली. माझं जानवं त्याच्या दृष्टीला पडू नये म्हणून उकाड्यातही बनियन सक्तीचा झाला. आणि नाडी मी दाराआड जाऊन बांधायची, असा घरातला कायदा झाला. आम्ही आनंदानं पाळत होतो. कुत्रा कुसुमच्या मागे मागे फिरायचा, ती त्याच्याशी दिवसभर बोलायची, बाकी मला काही नको होतं.

तेवढ्यात नोटीस लागली.

वसाहतीच्या व्यवस्थापकांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो. फौजेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या झुपकेदार मिशा, आणि त्यांना हसताना कुणी म्हणजे कुणीही पाहिलेलं नव्हतं. एका मोकाट कुत्र्यानं कुणा पाहुण्या इंजिनियरची पोटरी धरली आणि साहेबांनी फर्मान काढलं: ज्यांनी कुत्री पाळली आहेत त्यांनी तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी सकाळी ती पट्टा आणि दोरी लावून कचेरीसमोरच्या ध्वजस्तंभापाशी हजर करावीत. दोरीला लावलेलं कुत्रं शिस्तीत ध्वजस्तंभाला एक फेरी घालील, तर त्याला नंबराचा पितळी बिल्ला मिळेल. बिल्ला नसलेली कुत्री ट्रकात घालून मनोरच्या पलीकडे जंगलात सोडण्यात येतील.

कुसुमनं नोटीस दोनदा वाचली.

"जंगलात? ह्याला? अहो, हा तिथं पहिल्या सशालाच शरण जाईल!"

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "हा शास्त्राचा प्रश्न आहे."

(हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलं, तेव्हा तेव्हा काहीतरी फुटलं आहे.)

मी ड्रॉइंग बोर्ड काढला आणि 'दोरी परिचय योजना' आखली. खालच्या उजव्या कोपऱ्यात माझी सही, तारीख आणि प्रमाणसुद्धा! पहिला टप्पा: दोरी खोलीच्या कोपऱ्यात नुसती ठेवणे. ठेवली. पहिलवान खाटेखाली गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आला नाही. दुसरा टप्पा: दोरीवर भाकरीचा तुकडा ठेवणे. त्यानं उपास केला. पालघरच्या बाजारात जाऊन मी कुत्र्याची साखळी मागितली, म्हणजे दोरीचाच प्रश्न मिटेल, तर दुकानदारानं म्हशीची पुढे केली. ती नुसती वाजली तरी मीच दचकलो! ती तिथेच ठेवून परत आलो. तिसऱ्या टप्प्यात मी कुत्र्याला पट्टा घातला, दोरी लावली आणि ओढली. पहिलवान चारी पाय पसरून आडवा झाला आणि त्याच अवस्थेत शहाबादी फरशीवरून माझ्यामागे घसरत आला. फरशी चकचकीत झाली. प्रगती मात्र शून्य.

चौथ्या दिवशी त्याला रस्त्यावर नेलं. तिथेही तो आडवा. शेवटी मी त्याला उचलून खांद्यावर घेतला आणि दोरी मागे लोंबत ठेवून वसाहतीला चक्कर मारली. फाटकावरचा पहारेकरी बघतच राहिला.

"साहब, ये आप कुत्ते को घुमा रहे हैं, या कुत्ता आपको?"

दहा दिवस असे गेले. कुसुमचं गुणगुणणं पुन्हा बंद झालं. ती पहिलवानासमोर नुसती बसून राही, त्याचा पडका कान बोटांनी उभा करी, सोडून देई. मी पत्त्यांना जाणं बंद केलं. घरात तिला एकटीला असं बसलेलं टाकून जाववेना.

आमच्याकडे एक दिवसाआड शेजारच्या पाम गावाहून चिंतूबाबा भाजी घेऊन यायचे. खांद्यावर कावड, एका बाजूला वांगी, तोंडली, दुसऱ्या बाजूला वालाच्या शेंगा. पासष्टीचा वाळका माणूस, पण उभं आयुष्य बैलांबरोबर काढलेलं. अकराव्या दिवशी मी तिसरा टप्पा पुन्हा करत होतो, तो त्यांनी दारात उभं राहून डोळे भरून पाहिला. फरशीवरून घसरत गेलेला पहिलवान भिंतीला टेकला तेव्हा त्यांनी कावड खाली ठेवली.

"बाय," ते कुसुमला म्हणाले, "ह्यो काय करतंय तुजा घरवाला?"

"कुत्र्याला दोरीची सवय लावतायत, बाबा."

"अशी? आमी खोंड शिकवतो ना, तवा पैल्यांदा त्याला एकट्याला कदी जुंपत नाय. एकटा जुंपला तर बसकन मारतो, नायतर उधळतो. त्याच्या जोडीला जुना बैल लावाचा. शिकलेला. जुन्याच्या मानेवर जू बघितला, तो गपगुमान चालतो हाय तो बघितला, का मग खोंड पन चालतो." त्यांनी पहिलवानाकडे पाहिलं. "ह्यो दोरीला घाबरत नाय, बाय. दोरीला एकटाच लागलाय, म्हनून घाबरतो."

कुसुमच्या डोळ्यांत दहा दिवसांनी प्रथम चमक आली.

"म्हणजे दोरीला चालणारा दुसरा कुत्रा हवा?"

बाकीची कुत्री अजून शिकतच होती, असा तयार कुत्रा अख्ख्या वसाहतीत एकच, मोठ्या साहेबांचा अल्सेशियन! तो लांब कुठे नुसता भुंकला तरी पहिलवान माझ्या खांद्यावर चढायचा. तिथे जोडी जमणं शक्य नव्हतं.

"कुत्राच कशाला पायजे?" चिंतूबाबा म्हणाले. "ह्याच्या वळखीचा कोनी पन चालंल. फकस्त सोभावानं गरीब पायजे. वळनावर आलेला. सांगू तसा चालनारा."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. चिंतूबाबांनी माझ्याकडे पाहिलं. पहिलवानानंही भिंतीपाशी पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"छे!" मी म्हणालो. "अजिबात नाही! मी ड्राफ्ट्समन आहे!"

दुसऱ्या दिवशी मी बोईसर स्टेशनाजवळच्या चांभाराकडे दुसरा पट्टा करायला बसलो होतो.

"मान केवडी हाय?" त्यानं विचारलं.

"सोळा इंच," मी सदऱ्याच्या कॉलरवरून सांगितलं.

"आरं बापरे! मोठा दिसतो. चावतो काय?"

"नाही हो, अगदी गरीब आहे."

"मंग एवडा जाड पट्टा कशाला? तुमच्या बायकोनी सुतळीनं बांधला तरी राहील," तो म्हणाला. मी मान खाली घालून बसलो.

पाच वाजता घरामागच्या मोकळ्या जागेत प्रयोग झाला. जुना बैल उजवीकडे, खोंड डावीकडे, असं चिंतूबाबांनी बजावलं होतं. मी उजवीकडे उभा राहिलो. कुसुमनं माझ्या गळ्यात पट्टा अडकवला, त्याला दोरी लावली आणि पहिलवानालाही तशीच लावली. तो लगेच आडवा झाला. पण मग त्यानं डोळे वर करून माझ्या गळ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. उठला, माझ्या पायावर पुढचे पाय टेकून पट्टा हुंगला. कुसुमनं बाबांनी शिकवल्याप्रमाणे जिभेनं 'ट्यॉक्' केलं. मी निघालो.

आणि तो माझ्या डाव्या अंगाला चालू लागला!

चार पावलं, आठ पावलं, पार विहिरीपर्यंत! मागून कुसुम दोन्ही दोऱ्या धरून, रडू की हसू अशा आवाजात ओरडत होती, "अहो, चालला! अहो, चालला हो तो!" 'होऽ हो' म्हटल्यावर थांबायचं असतं, ते ती आनंदात विसरली आणि आम्ही दोघं निवडुंगात गेलो. पण ते काही विशेष नाही.

घरामागे चार दिवस ठीक होतं. पण परीक्षा रस्त्यापलीकडे, माणसांच्या गर्दीत होती. तिथली सवय व्हायला हवी. पट्टा झाकावा म्हणून मी गळ्याभोवती मफलर गुंडाळला (आमच्या भागात डिसेंबरातसुद्धा घाम येतो) आणि आमची वरात वसाहतीतून निघाली. पुढे मी आणि कुत्रा, मागे दोन दोऱ्या धरून बायको. पहारेकरी उठून उभा राहिला. ह्या खेपेला त्यानं काही विचारलंच नाही, नुसता सलाम ठोकला. कुणाला, ते कळलं नाही.

पलीकडच्या खोलीतल्या माईंनी मात्र अडवलं. माई म्हणजे आमच्या कचेरीतल्या एकाच्या आई. साऱ्या वसाहतीची खबर त्यांच्याकडे असे.

"अगं बाई! गळ्यात दोरी? कुठल्या देवीला बोललात हो?"

आता खरं सांगावं की नाही? पण नवऱ्याला कुत्र्याच्या जोडीला जुंपलंय हे त्या बाईंना सांगणं म्हणजे पालघरपर्यंत दवंडी! मी घाईघाईनं म्हणालो, "डहाणूच्या महालक्ष्मीला."

"आणि कुत्रं?"

"तेही बोललंय," कुसुम म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती.

झालं! दुसऱ्या दिवशी पाच वाजता रस्त्याच्या कडेला सात बायका ताटं घेऊन उभ्या. आधी कुसुमला हळदीकुंकू, मग माझ्या कपाळाला कुंकू, मग पहिलवानाच्याही! एका म्हातारीनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी गडबडून मागे सरलो तर माई मोठ्यानं म्हणाल्या, "बोलायचं नाही हं त्यांनी, नवसाचं मौन असतं!" हे मौन मी सोयीचं म्हणून लगेच धरलं. तिसऱ्या दिवशी नारळ आले. चौथ्या दिवशी एकानं मला हळूच विचारलं की त्याच्या मेहुण्याच्या बदलीसाठी मी देवीकडे दोन शब्द टाकीन का. पहिलवान ह्या सगळ्यातून माझ्या डाव्या अंगाला चिकटून, शेपटी किंचित वर करून चालत होता. माणसं, ताटं, आरत्या, कशालाही तो आता भीत नव्हता. शेजारी मी होतो ना बांधलेला!

खरी पंचाईत शनिवारी कळली. कुसुम म्हणाली, "आता तुमची दोरी सोडून बघू या."

मी पट्टा काढला. पहिलवान खाली बसला. मी पट्टा घातला, तो उठला. काढला, बसला. पट्टा काढून नुसता मफलर गुंडाळून बघितला. तो पायावर चढला, मफलरात नाक खुपसलं, खात्री करून घेतली आणि बसला.

"मग उद्या तुम्ही पट्टा घालूनच या," कुसुम म्हणाली.

"अगं, उद्या अख्खी कचेरी असणार तिथं! मोठे साहेब असणार! सोमवारी मला तिथंच कामाला जायचंय!"

पहिलवानाचा पडका कान तिनं उभा केला, सोडून दिला, पुन्हा उभा केला. मग म्हणाली, "तुम्हाला लाज वाटत असेल तर राहू दे. ट्रक किती वाजता निघतो, तेवढं विचारून ठेवा."

त्या शनिवारी जेवण काही गोड लागलं नाही. आणि मग मला युक्ती सुचली. टाय! लग्नात घातलेला लाल टाय ट्रंकेत होता. गळ्यात बांधलेलं, लांब, बारीक आणि लोंबणारं! कुत्र्याच्या दृष्टीनं दोरी, साहेबांच्या दृष्टीनं सभ्य पोशाख! मी कुसुमला म्हणालो, "बघ, हा शास्त्राचा प्रश्न आहे."

रविवारी सकाळी ध्वजस्तंभाभोवती निम्मी वसाहत जमली होती. टेबलाशी मोठे साहेब, शेजारी वही उघडून बसलेला कारकून, कचेरीच्या ओसरीच्या खांबाला बांधलेला अल्सेशियन आणि पलीकडे इंजिन चालू ठेवलेला तो ट्रक. दहा कुत्र्यांच्या फेऱ्या झाल्या. सहा बिल्ला घेऊन घरी गेली, चार ट्रकात चढवली. त्यातलं एक विव्हळत होतं. कुसुमचा चेहरा पांढरा पडला.

"पुढचा!" कारकून ओरडला.

चिंतूबाबाही आले होते, कावड घेऊन कडेला उभे. मी टाय सरळ केला आणि पहिलवानाच्या उजवीकडे उभा राहिलो. कुसुमनं दोरी धरली आणि 'ट्यॉक्' केलं. मी पाऊल टाकलं.

पहिलवान बसला.

त्यानं माझ्या टायकडे पाहिलं. टायचं खालचं टोक कुणाच्याच हातात नाही, हे त्यानं नीट बघून घेतलं. आणि तो हळूहळू पोटावर आडवा झाला. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ट्रकाचा ड्रायव्हर खाली उतरला.

"अहो," मागून कुसुमचा बारीक आवाज आला. "अहो, टाय."

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिचा हात मोकळा नव्हता. एका हातात कुत्र्याची दोरी होती आणि दुसरा तिनं माझ्यापुढे पसरला होता. मग मात्र मला लाज वाटेनाशी झाली. म्हणजे वाटत होती, पण वेगळीच. सहा महिने मी पत्ते खेळत होतो ना, त्याची. मी टाय खांद्यावरून मागे टाकला. तिनं तो मुठीत घट्ट धरला.

ट्यॉक्!

पहिलवान उठला. अख्ख्या कचेरीसमोर, ड्रॉइंग विभागाच्या प्रमुखांसमोर, माईंसमोर, आम्ही दोघं निघालो. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तो नवसच वाटत होता. अर्धी फेरी झाली आणि आम्ही ओसरीच्या खांबाजवळ आलो, तोच अल्सेशियन माझ्या कानाशी भुंकला.

मी उधळलो!

लपवण्यात अर्थ नाही, शंभर माणसांनी पाहिलं. मी उजवीकडे उडी मारली, टाय आवळला, डोळे पांढरे झाले, मागून कुसुम "होऽ हो! होऽ हो!" ओरडतेय, कडेनं चिंतूबाबा "जुना उधळला! जुना उधळला!" करतायत. आणि पहिलवान? तो कापत होता. पण पळाला नाही. तो माझ्या आणि अल्सेशियनच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि भुंकला. एकदाच. त्याचा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चांगला दणदणीत होता हो! मग तो माझ्याजवळ आला, माझ्या डाव्या अंगाला लागला आणि मला घेऊन उरलेली फेरी त्यानं पूर्ण केली.

टेबलापाशी कारकुनानं लेखणी उचलली.

"नाव?"

"पहिलवान," कुसुम म्हणाली.

"रंग?"

"तांबूस."

"चावतो?"

"नाही."

"क्रमांक सात," कारकुनानं बिल्ला दिला. आम्ही वळलो, तोच मोठे साहेब म्हणाले, "थांबा. आणि हा?"

त्यांचं बोट माझ्या टायकडे होतं.

"साहेब, मी मालक आहे..."

"दोरीला लावून फेरी घातली ना? मग बिल्ला घ्यावा लागेल. नियम म्हणजे नियम. लिहून घ्या."

कारकून बिचारा हुकमाचा ताबेदार. "नाव?"

"विष्णू," मी म्हणालो.

"रंग?"

"सावळा," कुसुम म्हणाली.

"चावतो?"

"नाही," ती गडबडीत बोलून गेली, "पण उधळतो."

मला आठ नंबरचा बिल्ला मिळाला. साहेबांच्या मिशा जरा हलल्यासारख्या वाटल्या. वारा असेल.

पुढे पहिलवान दोरीला इतका सरावला की मला पट्ट्याची गरज उरली नाही. पण रोज पाच वाजता तो दारात माझी वाट बघत बसायचा, मी उजवीकडे आल्याशिवाय हलायचा नाही. पत्त्यांचा डाव माझ्याविना मोडला तो मोडलाच. आम्ही तिघं तारापूरच्या रस्त्यानं ताडांपर्यंत जायचो आणि कुसुम जाताना माहेरच्या गोष्टी सांगायची, येताना गुणगुणायची. त्या रस्त्याची मला अजून इतकी आठवण येते, की वाळत्या बोंबलांचा वास आला तरी मी (शाकाहारी माणूस!) थांबून छाती भरून घेतो.

त्याचं वय काय होतं, कुणालाच माहीत नव्हतं. केंद्राचं काम संपत आलं त्या पावसाळ्यात तो म्हातारपणानं गेला, कुसुमच्या मांडीवर, पडका कान तिच्या बोटांत. चिंतूबाबांनी घरामागे, विहिरीच्या वाटेवर खड्डा खणला. सात नंबरचा बिल्ला कुसुमनं त्याच्या गळ्यातच राहू दिला. आम्ही दोघंही लहान मुलांसारखे रडलो.

वसाहत उठली तेव्हा सगळं सामान जमा करायचं होतं. तोच कारकून, तीच वही.

"बिल्ला क्रमांक सात?"

"तो नाही हो राहिला," मी म्हणालो. त्यानं लेखणी खाली ठेवली. त्यालाही वाईट वाटलं असावं.

"आणि आठ?"

मी खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी वही माझ्याकडे फिरवली. लिहिलं होतं: 'क्र. ७, मयत. क्र. ८, हयात. हल्ली उधळत नाही. बायकोच्या ताब्यात.'

मी मुकाट्यानं सही केली. बाहेर सामानाच्या ट्रकापाशी कुसुम उभी होती. तिनं डोळे पुसले, जिभेनं 'ट्यॉक्' केलं, आणि मी निघालो, आपला उजव्या बाजूनं.